लाल ग्रीस

ऑरी किनविगच्या शेडमध्ये ग्रीसचे दोन डबे असत. एक मोठा, तपकिरी साध्या ग्रीसचा, चाकांच्या बेअरिंगांपासून फाटकाच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला चालणारा. दुसरा बूटपॉलिशच्या डबीएवढा, लाल ग्रीसचा, आणि तो फक्त रबरासाठी. ब्रेकच्या रबराला साधं ग्रीस लागता कामा नये, हे ऑरीनं बेटावरच्या कोल्बी गावातल्या कितीतरी पोरांना डोक्यात टपल्या मारून शिकवलं होतं. त्यातली काही पोरं आता आजोबा झाली. साधं ग्रीस लागलं की पिस्टनभोवतीचं रबरी सील फुगतं. लगेच नाही, चार-आठ दिवसांनी. फुगलं की पिस्टन अडकतो, ब्रेक दाबला तर सुटत नाही, घासून घासून तापतो, आणि डोंगर उतरताना कधीतरी पुढचं चाक जागच्या जागी धरून ठेवतो. त्यापुढचं सांगायला गाडीवरचा माणूस सहसा उरत नाही.

हे सगळं ऑरीला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. प्रश्न जुन्या गोष्टींचा नव्हताच. जुनं सगळं जागच्या जागी होतं. गळती लागली होती ती नव्याला. सकाळी काय खाल्लं, किल्ली कुठं ठेवली, टेलिफोनवर कोण बोललं, हे दुपारपर्यंत टिकेना. वसंतात एकदा तो पील गावाहून परत येताना बालाक्रेनच्या चौकात गाडी थांबवून उभा राहिला. ज्या चौकातून तो आयुष्यभर गेला, तिथं उजवीकडे की डावीकडे ते त्याला कळेना. मागच्यानं भोंगा वाजवला तेव्हा तो एका दिशेला वळला, आणि ती दिशा बरोबर निघाली म्हणून निभावलं. त्या दिवसापासून त्यानं मोटारसायकल चालवणं सोडलं. गुडघे गेले, असं गावाला सांगितलं. गावानं मान डोलावली, कारण त्याच्या वयाच्या माणसाचे गुडघे जायचेच.

झाकली मूठ सव्वा लाखाची. ऑरीनं ती घट्ट झाकून धरली होती, आणि त्याला कारण होती ब्रीशा, त्याची एकुलती एक मुलगी. त्याची बायको मेरियन गेली तेव्हा आईच्या दफनानंतर ब्रीशा स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता म्हणाली होती, "बाबा, एकट्याला जमेनासं झालं की सांग. मी येऊन घेऊन जाईन तुला." ती हे प्रेमानं म्हणाली, आणि ऑरीच्या डोळ्यांपुढे तिचं घर आलं. लिव्हरपूलला तिसऱ्या मजल्यावरची जागा, खिडकीतून दुसऱ्या खिडक्या, आणि शेड नाही. मरणाला तो फारसा भीत नव्हता. पण बेटाबाहेर नेऊन खुर्चीत बसवतील, याची त्याला भीती होती, आणि ती भीती तो कुणाजवळ बोलला नव्हता.

त्यात यंदा ऑगस्टअखेरच्या शर्यतींच्या वेळी जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती. रस्ते बंद करून, पुऱ्या डोंगराला वळसा. ऑरीच्या पंचाहत्तर सालच्या ट्रायडेंट मोटारसायकलला निमंत्रण आलं. गाडी मेरियन गेल्यापासून ताडपत्रीखाली उभी होती. ब्रीशा म्हणाली, "तुझे गुडघे नाहीत तर मी चालवते. कधीपासून मनात आहे माझ्या." ऑरीला आनंद झाला. खरा आनंद झाला. त्यानं ताडपत्री काढली, आणि पाहतो तर पुढच्या ब्रेकचे पिस्टन गंजून कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला चिमटणाऱ्या ब्रेकच्या धातूच्या जबड्यात, घट्ट बसलेले. मग त्यानं नवे पिस्टन आणि नवे सील मागवले आणि कामाला लागला. ब्रीशा बोटीतून उतरली तेव्हा गाडी तयार होती. ब्रेकच्या नळीतली हवा काढलेली, लिव्हर दगडासारखा कडक. काम चोख झालंय याबद्दल ऑरीला तिळमात्र शंका नव्हती.

फेरीच्या सकाळी जुअन टीअरची व्हॅन मागून आणली होती. जुअन म्हणजे ऑरीचा शाळेपासूनचा दोस्त. तो स्वतः फेरीच्या मैदानावर व्यवस्थेला असल्यानं आधीच गेला होता. मागे गाडी बांधून ब्रीशानं व्हॅन काढली. ऑरी शेजारी बसला, चांगली टोपी घालून.

बालासला गाव आलं. नदीवरच्या पुलावर व्हॅन चढली, तशी ऑरीनं टोपी काढली, काच खाली केली आणि बाहेर तोंड करून म्हणाला, "नमस्कार मंडळी. आज पोर जातेय डोंगरावर, जरा लक्ष असू द्या."

ब्रीशानं त्याच्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं.

"बाबा, हे बालासला आहे."

"मग? मला काय दिसत नाही?"

"मंडळींचा पूल पुढे आहे. अजून बराच."

ऑरीचा हात टोपीवर तसाच राहिला. मग तो म्हणाला, "आधी निरोप पाठवलेला बरा. ऐनवेळी गेलं तर मंडळी कामात असतात."

ब्रीशा हसली. पण जरा उशिरा हसली, आणि तो उशीर ऑरीला ऐकू आला.

त्या मंडळींचं, पुलाखाली राहणाऱ्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या छोट्या लोकांचं, नाव बेटावर कुणी घेत नाही. त्यांच्या पुलावरून जाताना नमस्कार केल्याशिवायही कुणी जात नाही, मग तो टॅक्सीवाला असो की बँकेचा साहेब. हसत हसत करतात, पण करतात. पूल कुठला हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. बाहेरून आलेला पाहुणा चुकतो एखादवेळेस. ऑरी किनविग चुकावा, म्हणजे कोळ्यानं समुद्र कुठंय म्हणून विचारण्यातला प्रकार.

तो खरा पूल आला तेव्हा झाडाला बांधलेल्या नवसाच्या चिंध्या वाऱ्यावर हलत होत्या. ब्रीशा मोठ्यानं म्हणाली, "नमस्कार मंडळी." आणि वाट पाहिली. ऑरी मांडीवरच्या टोपीकडे बघत बसला होता. बालासल्याच्या पुलावर आपण इतक्या खात्रीनं बोललो, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं. शंका आली असती तर एक वेळ चाललं असतं. पण जराही शंका आली नव्हती. पूल मागे पडला तरी तो काही बोलला नाही, आणि ब्रीशानंही आठवण करून दिली नाही.

डग्लसला प्रेक्षकांच्या स्टँडमागच्या मैदानात ही गर्दी. शर्यतीच्या तेलाचा वास, चहाचे तंबू, ओल्या गवतावर ओळीनं उभ्या केलेल्या गाड्या. तपासनीस आला, वाकला, ब्रेक दाबून गाडी ढकलून पाहिली, चाकाच्या आऱ्या वाजवल्या आणि गाडीला चिठ्ठी चिकटवून पुढे गेला. पास. पण फेरी लांबली होती. डोंगरावर ढग उतरले होते. बेटाचा जुना समुद्रदेव, म्हातारा मनानान, आपलं बेट पांघरुणाखाली झाकतो म्हणतात, तसं त्यानं ते झाकलं होतं, आणि तो पांघरूण काढेपर्यंत कुणाला वर सोडणार नव्हते.

जुअन टीअर कागदी पेल्यातून चहा आणि बेकन घातलेले पाव घेऊन आला.

"काय रे म्हाताऱ्या, आहेस अजून?"

"तुला पोचवल्याशिवाय जातोय होय मी," ऑरी म्हणाला.

"मला पोचवायला आधी माझं घर सापडायला हवं तुला." जुअन नेहमीसारखाच बोलला, त्याच्या मनात काही नव्हतं. "आणि हे बघ, ग्रीसची बंदूक परत केलीस ते बरं केलंस, पण पुसून तरी ठेवायचीस. बायकोनं तशीच उचलली आणि घर डोक्यावर घेतलं."

"कुठली बंदूक?"

"अरे, माझी! पिस्टन हवेनं हटत नाहीत म्हणून नेलीस ना? मी म्हटलं, घेऊन जा बाबा, पण परत आण. आणलीस. दारात ठेवून पळालास, चहालाही थांबला नाहीस."

"हां, हां," ऑरी म्हणाला. "ती."

जुअन गर्दीत गेला. ब्रीशा दोन गाड्या पलीकडे कुणाशी तरी बोलत होती. ऑरी ट्रायडेंटजवळ एकटा उभा राहिला.

गंजलेले पिस्टन काढायची ती जुनी युक्ती आहे, आणि ऑरीनंच ती अर्ध्या बेटाला शिकवली होती. ब्रेक ऑइलच्या भोकातून ग्रीसची बंदूक लावायची आणि दाबत राहायचं. हवेला दाद न देणारा पिस्टन ग्रीसपुढे मुकाट्यानं बाहेर येतो. पण ते ग्रीस साधं असतं. कॅलिपर त्यानं गच्च भरतो, आतल्या आडव्या भोकासकट. म्हणून नवं सील बसवण्याआधी सगळं धुवायचं, पुसायचं, भोकातून हवा मारायची, परत धुवायचं. कणभर राहिलं तरी सील फुगणार.

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. गंजलेला पिस्टन आठवला. लिव्हर कडक लागला तो आठवला, त्याचं समाधानही आठवलं. मधलं काहीच नव्हतं. बंदूक नव्हती, जुअनचं दार नव्हतं, धुतल्याचा वास नव्हता. लाल डबी उघडली की तपकिरी डब्यात बोट घातलं, तेही नव्हतं. मधे काही नाही, हे त्याला आतापर्यंत कळलंही नव्हतं. दोन टोकं जुळलेली पाहून त्यानं सगळा दोर धड आहे असं धरलं होतं.

तो खाली बसला. पुढचं चाक स्टँडवर उचललेलं होतं, ते त्यानं हातानं फिरवलं. फिरलं. किंचित घासत फिरलं. डिस्क ब्रेक किंचित घासतोच. पण हे किंचित होतं की त्याहून थोडं जास्त? पूर्वी हा फरक त्याच्या बोटांना डोळे मिटून कळायचा. त्यानं पुन्हा फिरवलं. बोटं काही सांगेनात, की सांगत होती आणि त्याचाच आता त्यांच्यावर विश्वास उरला नव्हता, कोण जाणे.

खोटं कशाला बोला, पुढची काही मिनिटं ऑरी किनविग गप्प राहण्याची कारणं शोधत होता. तपासनिसानं गाडी पास केली आहे. एकच फेरी आहे, शर्यत नव्हे. एवढ्या वर्षांच्या सवयीत हात चुकायचे नाहीत, धुतलंच असणार. धुतलंच असणार! आणि नसेल तर? मग डोंगरावरच्या क्रेगच्या उतारावर वेगात असताना ब्रीशा एकदा ब्रेक दाबेल आणि तो सुटणार नाही. हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं, तरीही तो गप्पच होता. आपण आपल्या शेडसाठी, आपल्या चार भिंतींसाठी पोरीचा जीव टांगणीला लावतोय हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याला स्वतःची किळस आली, आणि तरी तोंड उघडेना.

ढग वर सरकले. भोंग्यावरून हाक आली की जुन्या गाड्यांनी रांगेत यावं. ब्रीशा धावत आली, हेल्मेट चढवलं, गाडी स्टँडवरून उतरवली, रांगेत आणली आणि चालू केली. आजूबाजूच्या माना वळल्या.

"थांब," ऑरी म्हणाला. "इंजिनचा आवाज बरा नाही."

ब्रीशानं कान देऊन ऐकलं. "काय झालंय त्याला? तिन्ही सिलिंडर गातायत."

"मधला ठोके खातोय."

"बाबा, मी तुझीच मुलगी आहे. काही खात नाहीये."

"मग मला बरं वाटत नाहीये."

तिनं हेल्मेटची काच वर केली. "काय होतंय? छातीत दुखतंय? जुअनकाकाला बोलावू?"

ती खरंच घाबरली. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून फिरायला लागली, आणि त्या नजरेपुढे त्याला दुसरी थाप सुचेना.

"ब्रेक," तो म्हणाला. "पिस्टन मी साध्या ग्रीसनं काढले. नंतर धुतलं की नाही, ते मला आठवत नाही."

"धुवायला विसरलास?"

"विसरलो असं नाही गं. धुतलंही असेल. मला ठाऊक नाही. ग्रीसची बंदूक आणल्याचंसुद्धा मला ठाऊक नाही. जुअन बोलला तेव्हा कळलं. सबंध दिवसच नाहीये माझ्याकडे. असे बरेच दिवस नाहीत."

मागच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. ब्रीशानं इंजिन बंद केलं. ती उतरली आणि गाडी ढकलत रांगेतून बाहेर, कुंपणाजवळच्या गवतावर घेऊन गेली. ऑरी तिच्या मागे मागे गेला.

व्हॅनमधून तिनं पाने आणले. काम तिला येत होतं, त्याच्याकडूनच शिकली होती. कॅलिपरचे बोल्ट सोडले, पॅड काढले, डिस्कवरून कॅलिपर मोकळा केला आणि खाली चहाचा रिकामा पेला धरला. मग एका हातानं हळूहळू लिव्हर दाबत राहिली. एक पिस्टन मिलिमीटर-मिलिमीटरनं पुढे येत येत पेल्यात पडला आणि मागून ब्रेक ऑइल आलं. प्रेक्षकांच्या स्टँडपलीकडून गाड्या दोन-दोन करून सुटू लागल्या होत्या. प्रत्येक जोडी ब्रे हिलच्या उतारावर गेली की तिचा आवाज बुडायचा.

ब्रीशानं फडक्यानं बोट पुसून आत फिरवलं. बोट उजेडात धरून पाहिलं. अंगठ्यावर घासलं. मग खिशातून आगपेटीची काडी काढून खाचेतलं सील अलगद उचललं. धातूचं काही लावायचं नाही, ओरखडा पडतो, हेही त्यानंच शिकवलेलं. सील तिनं तळहातावर ठेवलं. सपाट, चौकोनी कडांचं, जसं पाकिटातून निघतं तसं. फुगलेलं सील खाचेत परत बसत नाही. हे तिनं बोटानं दाबलं आणि बसलं.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली. "बाबा, एक कण नाहीये. आतलं भोकसुद्धा धुतलंयस तू. आणि हे बघ, कडेला लाल. लालच लावलंयस, आणि किती बेतानं. माझ्यानं झालं नसतं इतकं नीट."

ती त्याच्याकडे पाहून हसायला लागली होती, सुटल्यासारखी. ऑरीनं कॅलिपर हातात घेतला आणि आत डोकावला. काम उत्तम होतं. ज्यानं केलं त्याला आपलं काम येत होतं.

"चूक निघायला हवी होती," तो म्हणाला.

"असं काय म्हणतोस?"

"चूक निघाली असती तर म्हणालो असतो, म्हातारा वेंधळा झाला, पण वेळेवर पकडली की नाही? वेंधळेपण कुणाच्याही नशिबी असतं. पण हे बघ ना. हे इतकं नीट कुणी केलं? माझ्या हातांनी केलं. मी नव्हतो तिथं."

ब्रीशाचं हसू गेलं. ती त्याच्या शेजारी ओल्या गवतावर बसली. शेवटची जोडी सुटली होती, आणि आता डोंगराच्या बाजूनं नुसती घरघर येत होती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"वसंतापासून. मला वाटतं वसंतापासून."

"म्हणून गुडघे?"

"गुडघे चांगले आहेत माझे."

तिनं मान हलवली. कुंपणापलीकडे पाहत राहिली. आजचा पूल तिला आठवत असणार, हे त्याला कळलं.

"मला नेऊ नकोस, ब्रीशा," तो म्हणाला. "लिव्हरपूलला नेऊ नकोस. तिथं मला जुनंही काही ओळखू येणार नाही."

तिनं त्याचा हात हातात घेतला, ब्रेक ऑइलनं ओशट झालेला. "ते आज नको बोलायला," ती म्हणाली. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही, आणि ऑरीनं त्यावर पुन्हा विचारलं नाही. विचारायचा हक्क आपण गाडीपाशी गप्प राहिलो तेव्हाच घालवला, असं त्याला वाटलं.

जुअन टीअर लांबून हात हलवत येत होता. काय झालं, फेरी का चुकली, हे आता त्याला सांगावं लागणार होतं, आणि मग गावाला.

"उघडा ठेवू नये," ऑरी म्हणाला. "धूळ बसते." पेल्यातला पिस्टन त्यानं काढला, फडक्यानं कोरडा केला, उजेडात फिरवून पाहिला. तो बसवायला त्याचे हात आपोआप कॅलिपरकडे गेले. त्यानं ते मागे घेतले आणि पिस्टन ब्रीशाच्या हातात ठेवला.

"तू बसव. मी बघतो," तो म्हणाला. "आणि मी बघतोय की नाही, तेवढं तू बघ."